खंडेनवमीच्या ताटातली चावी

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
बुधवार, वसुबारसेच्या दोन दिवस आधी

तीर्थस्वरूप उत्तमभाऊजी,

आपल्या चरणी ईश्वरचा दंडवत. (कागदावरच घालतोय. नवमीपासून कंबर धरली आहे, खरोखर आडवा झालो तर उठवायला दोन माणसं लागतील.) आपली शुगर आटोक्यात असेल, ताईचा गुडघा जिना चढू देत असेल आणि सर्कलवरचा आपला ‘भावी’ लिहिलेला बॅनर वाऱ्यापावसात शाबूत असेल अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे माझी नोकरी आहे, बायकोची शिवणाची मशीन चालू आहे आणि अनुष्काचा बी.कॉम.चा एकच विषय राहिला आहे. आपण म्हणाल, हल्ली पत्र कोण लिहितं, फोन करायचास. भाऊजी, चौदा दिवसांत अकरा फोन केले. मेसेज टाकला की दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढे सामसूम. शेवटी अनुष्काच्या वहीची पानं फाडली.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो, कारण माझी सवय आपल्याला माहीत आहे, मी बोलायला लागलो की गाडी फाट्यावरून भलतीकडे जाते. परवा शुक्रवारी सकाळी अकरा वाजता काशीगावच्या साइट ऑफिसात फ्रँकची चौकशी आहे. फ्रँक म्हणजे आमचा बूम लिफ्टचा ऑपरेटर, उत्तनचा. ज्याचा उजवा खांदा आपल्या बॅनरच्या लोखंडी चौकटीखाली मोडला, तो. त्याच्यावर ठपका असा आहे की मशीनची चावी त्याने परक्या माणसाच्या हाती जाऊ दिली. ठपका कायम झाला तर त्याचं ऑपरेटरचं कार्ड रद्द होणार, आणि कार्ड गेलं की विरारपासून ठाण्यापर्यंत त्याला कोणी मशीनजवळ उभं करणार नाही. परका माणूस कोण, ते नोटिशीत लिहिलेलं नाही. ते आपल्याला ठाऊक आहे आणि मलाही.

ही नोकरी मला आपण लावून दिलीत हे मी विसरलेलो नाही. (विसरेन म्हटलं तरी प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला आपण चारचौघांत आठवण करून देता.) स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, कारखाना बंद पडल्यावर पन्नाशीत जाणार कुठे? आपण बिल्डरकडे शब्द टाकलात, त्यांनी मला दहा दिवसांच्या कोर्सला बसवलं आणि अकराव्या दिवशी मी सेफ्टी ऑफिसर झालो. दहा दिवसांत कैरीचं लोणचंसुद्धा मुरत नाही, पण मला हिरवं हेल्मेट मिळालं, शिट्टी मिळाली आणि गेटवरच्या फळ्याची जबाबदारी मिळाली. त्या फळ्यावर ‘अपघाताविना दिवस’ असं लिहिलेलं आहे आणि पुढचा आकडा रोज सकाळी मी खडूने बदलतो. हे काम मी मनापासून करायचो. घरी देवाला दिवा लावायचा राहील, पण आकडा राहायचा नाही.

आता बूम लिफ्टविषयी थोडं, कारण आपण ती चालवलीत पण ती काय आहे हे विचारलं नाहीत. चार चाकांचा जड गाडा, त्यावर फिरणारं धड, धडातून निघालेला लांब लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला कठड्याची बास्केट. बास्केटीत उभं राहून दिवे लावायचे, काचा बसवायच्या, रंग मारायचा. बास्केटीवर एक पत्र्याची पट्टी ठोकलेली असते, तिच्यावर किती वजन आणि किती माणसं ते कोरलेलं असतं. आमच्या मशीनवर दोनशे तीस किलो, माणसं दोन. (आपलं एकट्याचं वजन मी इथे लिहीत नाही, ताईची नजर पडायची.)

फ्रँक रोज सकाळी या मशीनभोवती वीस मिनिटं घालवायचा. टायर बघायचा, तेल कुठे गळतंय का ते वाकून बघायचा, खालच्या पॅनेलवरून हात वर-खाली करून बघायचा, वीज गेली तर माणसं खाली आणायची जी वेगळी कळ असते तीही रोज दाबून बघायचा. मग एक लोखंडी सळई घेऊन, मशीन जिथे जिथे फिरणार ती जमीन टोचत हिंडायचा. मला आधी वाटायचं, हा टाइमपास करतोय. एकदा म्हटलंसुद्धा, की बाबा, काल बघितलंस ना, एका रात्रीत काय बदलणार? तर म्हणाला, “साहेब, बोट किनाऱ्याला हाय तवर बघायचं. दर्यात गेल्यावर बघून काय फायदा न्हाय.” त्याच्या घरची बोट होती, ती विकल्यावर तो या धंद्यात आला. माझा दहा दिवसांचा कोर्स त्याच्या त्या एका वाक्यात मावत होता. मी मात्र त्याला आणि बाकी सगळ्यांना रोज सकाळी रांगेत उभं करून शिकवायचो. पट्टा बास्केटीच्याच कडीला अडकवा, बाहेर कुठे नको. बास्केटीखाली कोणी थांबू नका. आणि डोक्यावर दोन्ही हातांची फुली म्हणजे असेल तिथे सगळं बंद. ही फुली मी नीट घोटून घेतली होती, पोरं हसायची तरी पुन्हा करायला लावायचो.

तर खंडेनवमी. आदल्या दिवशी मशीन धुतलं, सकाळी झेंडूच्या माळा चढवल्या. पाटावर भलं मोठं ताट मांडलं, त्यात ओळंबा, थापी, पाणसळ, मोजायची टेप, सगळी हत्यारं मांडली. मग कोणाच्या तरी मनात आलं की बूम लिफ्ट काही ताटात मावत नाही, निदान तिची चावी तरी ठेवू. आता नियम असा आहे की चावी ऑपरेटरच्या खिशात. जेवायला गेला तरी, लघवीला गेला तरी. पण फ्रँकला चावी ताटात ठेवायला सांगण्यात आलं. (कोणी सांगितलं ते पुढे येईल.) त्याने एवढंच विचारलं की पूजा झाली की माझ्याच हातात परत द्याल ना. देतो, असं सांगण्यात आलं. त्याच्या गावात दरवर्षी फादर येऊन बोटींना आशीर्वाद देतात, त्यामुळे यंत्राला हात जोडण्यात त्याला काही नवल नव्हतं. बूट काढून, टोपी हातात घेऊन तो आमच्या रांगेत उभा राहिला.

गुरुजींनी मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. सगळं मशीन ग्रीसने माखलेलं, एकच जागा सपाट आणि स्वच्छ होती, ती म्हणजे वजनाची पट्टी. दोनशे तीस किलो आणि दोन माणसं, दोन्ही कुंकवाखाली गेलं. त्याआधी ऑफिसातल्या बायकांनी रांगोळी काढली होती. मशीनमागे ड्रेनेजचा पाइप टाकून आठच दिवसांपूर्वी बुजवलेला चर होता, त्याची माती सळईला भसकन आत घ्यायची, म्हणून फ्रँकने सकाळीच चुन्याची जाड रेघ मारून ठेवली होती. बायकांना ती रेघ आयतीच सापडली. तिच्या दोन्ही अंगांनी वेली, कमळं आणि मोर काढून धोक्याची रेघ इतकी देखणी केली की आमच्या एका इंजिनिअरने तिथे उभं राहून फोटो काढून घेतला. मी पाहिलं. मला वाटलं, सणाचा दिवस आहे, उद्या पुन्हा मारू.

आणि मग आपलं आगमन झालं. ताशे, नीलेश (आपला कार्यकर्ता, सेल्फीच्या काठीसकट) आणि लोखंडी चौकटीत ठोकलेला सहा बाय चारचा शुभेच्छांचा बॅनर. शुभेच्छा एका ओळीत होत्या, उरलेल्या जागेत आपण होता. हायवेवरून दिसेल असा तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबला तो बांधायचा होता. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर अभिनव साहेब एरवी माझ्या सहीशिवाय शिडी हलू देत नाहीत. त्या दिवशी ते “सर, व्हाय नॉट” म्हणाले. आपण ताटातून पेढा उचललात आणि त्याच हाताने चावी. फ्रँक पुढे आला, म्हणाला, “साहेब, आज मशीन बंद हाय. आन् चार मानसं चालनार न्हाय.” आपण त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, “अरे, मी कशेडी घाटात गाडी डोळे मिटून उतरवतो.” भाऊजी, तेव्हाच कोणीतरी आपल्याला सांगायला हवं होतं की घाट उतरताना डोळे उघडे ठेवायचे असतात. कोणी सांगितलं नाही.

बास्केटीत चढलेले असे: आपण, अभिनव साहेब, नीलेश आणि ताट घेतलेले गुरुजी. चार जण. माझ्या जबाबातही चारच आहेत. पट्टे दोन होते, ते कोणीच लावले नाहीत. अभिनव साहेबांना घाम येतो आणि आपल्या कुडत्याला चुण्या पडतात. चाकं, हात, सगळं वरूनच चालतं, आपण पायाने पेडल दाबलंत, दांडा ओढलात आणि जास्त वजनाचा भोंगा वाजायला लागला. नवीन मशीन असतं तर जागचं हललं नसतं. आमचं जुनं, ते बिचारं नुसतं ओरडतं. टीं टीं टीं. ताशेवाल्यांनी तो ठेका उचलला आणि खाली बायकांनी टाळ्या धरल्या. इतक्या तालासुरात धोक्याची सूचना मी आजवर ऐकली नव्हती.

वर गेल्यावर वारा सुटला. स्लॅबपासून बास्केट दोन हात लांब राहिली, म्हणून आपण गाडा पुढे घ्यायला गेलात. आता यात एक गंमत आहे, जी फ्रँकने आपल्याला दीड मिनिटात समजावली असती. धड फिरून हात मागच्या चाकांवर आला असेल तर दांडा पुढे ढकलला की गाडा मागे जातो. म्हणून गाड्यावर आणि दांड्याजवळ रंगीत बाण असतात, ते जुळवून मग हलायचं असतं. बाणांवर झेंडू होते. आपण पुढे ढकललंत, गाडा मागे गेला, मोरावरून, कमळावरून, आणि मागचं चाक त्या मऊ चरात बसलं. मशीन कलंडलं. वर बास्केट सहा-सात फूट बाजूला फेकली गेली आणि स्लॅबच्या सळयांना जाऊन अडकली. ताट खाली गेलं. गुरुजी रामरक्षा पुटपुटत होते, तिसऱ्या श्लोकावर अडकून पुन्हा पहिल्यापासून धरत होते. अभिनव साहेब मम्मी म्हणाले, मी स्वतः ऐकलं.

सगळ्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. मग बॅनर कोण धरणार? फ्रँक तेवढ्यात खालच्या पॅनेलपाशी पोचला होता. बास्केटीखाली उभं राहू नये हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण पॅनेल तिथेच आणि माणसं वर. चौकट सुटली आणि त्याच्या खांद्यावर आली. वाईट वाटून घेऊ नका, पण उभ्या साइटने पाहिलं, आपण हसऱ्या चेहऱ्याने हात जोडून त्याच्या अंगावर पडलात.

आणि भाऊजी, यानंतर जे झालं ते कोणाच्याच जबाबात नाही. उजवा हात लोंबकळतोय अशा अवस्थेत त्याने डाव्या हाताने कळ दाबून धरली. आधी लोखंडी हात आत ओढून घेतला, इंच इंच. मग खाली आणला. हा क्रम महत्त्वाचा. उलटा केला असता, तर मशीन सगळ्यांना घेऊन हायवेच्या बाजूला आडवं झालं असतं आणि ताईचं कुंकू गुरुजींच्या कुंकवासारखंच मातीत गेलं असतं. बारा मिनिटं लागली. तो मोठ्याने आकडे मोजत होता, शुद्ध हरपू नये म्हणून. आपण उतरलात, कुडता झटकलात आणि म्हणालात, “आरती राहिलीय ना?” फ्रँकला टेम्पोतून हॉस्पिटलात नेलं आणि आपण आरतीला उभे राहिलात. संध्याकाळी आपलं स्टेटस आलं, ‘उंचीवरून शुभेच्छा’.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यापाशी गेलो. आकडा २१२ होता. तो पुसून शून्य लिहायचा म्हणून खडू उचलला, तर अभिनव साहेब म्हणाले, काल काम बंद होतं, पूजा होती. पूजेतला प्रकार हा कामातला अपघात होत नाही. मी २१३ लिहिलं. आज २२६ आहे. रोज हात तो आकडा लिहितो आणि मला स्वतःची किळस येते. जबाबात मी लिहिलंय की मी जमिनीवर, मशीनपासून पंधरा फुटांवर उभा होतो आणि चावी कोणी दिली ते मला दिसलं नाही.

रविवारी उत्तनला जाऊन आलो. फ्रँकची बायको मॅबेल वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिने मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, एक वाईट शब्द नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडणाची तयारी होती, चहाची नव्हती. फ्रँक हात गळ्यात बांधून बसलेला. म्हणाला, मशीनचं मागचं चाक तपासून घ्या साहेब, वाकलं असेल. निघताना मॅबेलने सुक्या बोंबलांची पिशवी हातात दिली. ते अजून तसेच आहेत.

असो. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा करणं न करणं आपल्या मर्जीवर. ताईला नमस्कार, शुगर सांभाळा, फराळ बेताने खा.

आपला,
ईश्वर

ता. क. एक काम आहे. नीलेशने वरून काढलेला सेल्फी आपल्या फोनमध्ये आहे. स्टेटसवर आपण तो कापून टाकलात, त्यात नुसते आपण आणि आभाळ. अख्ख्या फोटोत आपल्या बोटात चावीचं लाल कीचेन दिसतं आणि खाली, कठड्याच्या फटीतून, फ्रँक दिसतो. पट्टा, हेल्मेट सगळं अंगावर, आणि डोक्यावर दोन्ही हातांची फुली. त्याला वाचवायला तेवढा एक फोटो पुरे आहे. शुक्रवारी अकराच्या आत पाठवा.

ता. क. दुसरं. चावी ताटात ठेवायला फ्रँकला मीच सांगितलं होतं. परत देतो, हेही मीच म्हणालो. त्याने नोटिशीला उत्तर लिहिलंय की चावी मी माझ्या मनाने ठेवली. रविवारी मी विचारलं, असं का लिहिलंस? तर म्हणाला, “तुमच्या पोरीचा एक पेपर ऱ्हायलाय ना साहेब.”

ता. क. तिसरं, आणि हे ताई, तुझ्यासाठी. पत्र भाऊजींच्या नावाचं आहे, पण चकल्यांच्या डब्यात कागदाखाली घातलंय ते एवढ्यासाठीच की तुमच्या घरी डबा तूच उघडतेस. भाऊजी फोटो पाठवणार नाहीत, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्यांचा फोन उघडायचा आकडा तुला येतो. (त्यांच्या वाढदिवसाचा आहे, लग्नाचा नाही.) दर भाऊबीजेला तुझ्या ताटात मी काहीतरी टाकतो, यंदा तू माझ्या पदरात हा फोटो टाक.

ता. क. शेवटचं. पाठवण्याआधी तो फोटो नीट बघ. पंधरा फुटांवरून आणि ताशांच्या गलक्यात मला रामरक्षा कशी ऐकू आली, माझी कंबर कशाने धरली, ते तुला कळेल. माणसं चार नव्हती. डाव्या कडेला, गुरुजींच्या मागे, हिरव्या हेल्मेटमधला पाचवा मी आहे. “चल रे ईश्वर, तू पण ये,” असं भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले आणि मला इतकं बरं वाटलं की मी चढलो. खाली फ्रँक मीच शिकवलेली फुली धरून माझ्याकडे बघत होता. फोटोत माझा एक हात वर आहे. मी त्याला टाटा करतोय. शुक्रवारी मी जबाब बदलून देणार आहे, पण आयत्या वेळी मी कच खाल्ली तर फोटो बोलेल. म्हणून ताई, ती डावी कड तेवढी कापू नकोस.